हार्कलीच्या तळ्यातली केझिया

आमच्या गावच्या मोठ्या घराची भुताची गोष्ट ऐकायला आता तिकीट लागतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी हार्कली हॉल लोकांसाठी उघडा असतो. मोटारी भरभरून माणसं येतात, जुने पलंग आणि तसबिरी बघतात, आणि मग एक हसरी मुलगी त्यांना तळ्याकाठी नेऊन सांगते की १९२६ साली या घरातली एक मोलकरीण इथं बुडाली, तिचं प्रेत कधीच सापडलं नाही, तिला जुन्या मठातल्या ननच्या भुताने ओढून नेलं. लोक पाण्याकडे बघतात. कोणीतरी फोटो काढतं. मग सगळे चहा आणि केक घ्यायला तबेल्यात जातात. तिथं आता उपाहारगृह आहे.

ती मोलकरीण माझी बहीण, केझिया प्रॉबर्ट. गोष्ट सांगणाऱ्या मुलीला तिचं नाव माहीत नाही आणि मी ते तिला सांगितलेलं नाही. माझं नाव डॉर्कस, वय ब्याऐंशी. आता हे लिहायला हरकत नाही, कारण ज्यांची अब्रू झाकायची होती ती माणसं राहिली नाहीत.

आम्ही गल्लीतल्या शेवटच्या घरात राहायचो. घर मोठ्या घरच्या लँगस्टनांचं. आमच्यातलं कोणी त्यांच्या कामाला आहे तोवर घर आमचं, असा रिवाज होता. बाबा त्यांच्या गाड्या हाकायचे, पण मी नऊ वर्षांची असताना सायडर दारूच्या सफरचंदांनी भरलेल्या गाडीचं चाक त्यांच्या कमरेवरून गेलं. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायचे. आई मोठ्या घरचे कपडे धुवायची. चादरी, टेबलावरची कापडं, घरमालक सर गॉडफ्रींचे खळ घातलेले सदरे. आमच्या घराला कायम ओल्या कापडाचा आणि गरम इस्त्रीचा वास असायचा.

केझिया माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आईला कपड्यांमधून वेळ नसायचा, म्हणून मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिचं हसू नाकातून सुरू व्हायचं. ती दाबायला बघायची आणि ते शिट्टीसारखं बाहेर पडायचं. चौदाव्या वर्षी ती मोठ्या घरात नोकरीला गेली. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी अर्धी सुट्टी मिळाली की घरी यायची, बुटाच्या लेस सोडून माझ्या पलंगावर आडवी व्हायची आणि वरच्या लोकांच्या नकला करायची. लेडी लँगस्टन शिंका कशा देतात, आचारीणबाई कोणाच्या नावानं दार आपटते. मी चौदाची झाले की मलाही तिथं लावून घेणार होती. छपराखालच्या खोलीत आम्ही दोघी एका पलंगावर झोपणार होतो. मी दिवस मोजत होते.

भुताची गोष्ट मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकली. चारशे वर्षांपूर्वी राजाने मठ मोडले तेव्हा हार्कलीचा मठ पहिल्या लँगस्टनच्या हाती आला. त्याने नन्सना ऐन थंडीत बाहेर काढलं. सगळ्यात म्हातारी होती ती निघेना. तिला ओढत नेताना ती माशांच्या तळ्यात पडली की ढकलली गेली, यावर गावात दोन पक्ष होते. बुडता बुडता तिनं शाप दिला. या घरचा थोरला मुलगा बापाच्या खुर्चीत कधी बसणार नाही, आणि दर पिढीला या छपराखालची एक मुलगी मी माझ्याकडे नेईन. नाकातोंडात पाणी जात असताना बाई एवढं लांबलचक बोलली कशी, असं केझिया विचारायची.

मोठ्या घराची कारभारीण मिसेस टिडमार्श प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगायची. उत्तरेकडच्या बोळात ओल्या ननची पावलं उमटतात, तिकडे कामाशिवाय जायचं नाही. त्या बोळात थोरल्या चिरंजीवांची, मिस्टर ह्यू यांची खोली होती. ओल्या पावलांचं म्हणाल, तर सकाळी आंघोळीच्या पाण्याचे जड डबे घेऊन त्या बोळातून मुलीच जायच्या. "नन कसली, मीच असते ती," केझिया म्हणायची. "माझेच बूट गळतात."

१९२६ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी केझिया कामावर आली नाही. तिचा पलंग नीट लावलेला होता. दुपारी माळ्याला तळ्याच्या काठी बोरूच्या बेटात अडकलेली तिची पांढरी टोपी सापडली.

तीन दिवस माणसं तळ्यात गळ आणि फावडी टाकत होती. मी काठावर उभी होते. वर यायचं ते शेवाळ, फांद्या, एकदा एक जुनी बादली. बादली वर आली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला आणि मग कोणीतरी हसलं. त्या माणसाचं तोंड मी पुढं कित्येक वर्षं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सर गॉडफ्रींनी शोध थांबवायला सांगितलं. तळ्याला तळ नाही असं गावात आधीपासून म्हणतच होते. ननने आपलं माणूस नेलं, असं ठरून गेलं.

आईनं घराच्या खिडक्या उघड्या टाकल्या. माणूस गेलं की जीवाला बाहेर जायला वाट हवी म्हणून उघडतात तशा. डोक्यावर एप्रन ओढून ती चुलीसमोर बसून राहिली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. मला ताप भरला आणि आठवडाभर मी अंथरुणातून उठले नाही.

जानेवारीत मी मोठ्या घरात केझियाच्या जागेवर लागले. घर त्यांचं, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मिसेस टिडमार्शनं मला केझियाचेच दोन झगे दिले, खालून आखूड करून. काखेत तिच्या घामाचा वास अजून होता. माझी हनुवटी वर करून बाई म्हणाली, "घाबरू नकोस. तुला नाही नेणार ती. एका पिढीला एकच." एवढ्या कडक बाईनं आपल्याला धीर दिला याचं मला केवढं वाटलं होतं.

त्या घरात सगळ्या मुली भुताला भ्यायच्या. मी तेवढी भूत दिसावं म्हणून झुरायची. उत्तरेच्या बोळात ओलं पाऊल दिसलं की डबा खाली ठेवून मी त्याच्या शेजारी माझं पाऊल टेकवून बघायची, मापात केझियाचं वाटतं का म्हणून. अर्ध्या सुट्टीच्या रविवारी आधी तळ्यावर जायची आणि मग घरी. वसंतात पिवळी प्रिमरोझ, मग कुंपणावरचे रानगुलाब, पुढे ॲस्टर. काहीच नसेल तेव्हा हॉलीची लाल फळांची डहाळी. फुलं पाण्यावर सोडून मी बोलत बसायची. बाबांनी आज काय खाल्लं, आचारीणबाईनं कोणाला झापलं. तिला हसू येईल असंच निवडून सांगायची. दहा वर्षं मी हे केलं.

एकदा लेडी लँगस्टननी मला खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर बोलावून काचघरातली नर्गिसाची जुडी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या बहिणीसाठी." मी घरी धावत जाऊन आईला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि कपडे पिळायच्या यंत्राची मूठ फिरवत राहिली. मला वाटलं, रडते आहे.

मिस्टर ह्यू केझिया गेली त्याच हिवाळ्यात आफ्रिकेत केनियाला शेती करायला गेले. पाच वर्षांनी ते तिकडेच घोड्यावरून पडून वारल्याची तार आली. वारसा धाकट्याकडे गेला. गावानं माना डोलावल्या. शाप म्हणजे शाप.

१९३७ च्या मार्चमध्ये बाबा गेले.

आमच्या घरामागे रानआलुबुखाराच्या झाडाखाली आईच्या मधमाश्यांची पाच घरं होती. आमच्याकडे घरात माणूस गेलं की मधमाश्यांना जाऊन सांगावं लागतं. घराच्या दाराची किल्ली घेऊन माश्यांच्या प्रत्येक घरावर तीनदा ठोकायचं, कोण गेलं ते नाव घेऊन सांगायचं, राहा म्हणून विनवायचं आणि काळ्या कापडाची पट्टी बांधायची. नाही सांगितलं तर माश्या रुसतात. उडून जातात, नाहीतर आतल्या आत मरतात. हे घरच्या मोठ्या बाईचं काम. त्या दिवशी पट्ट्या धरायला मी बरोबर गेले.

आईनं किल्लीनं ठोकलं. म्हणाली, "एनॉक प्रॉबर्ट गेला. घरधनी गेला. तुम्ही राहा." पाचही घरांना तसंच. आतून बारीक गुणगुण ऐकू आली आणि तिचा चेहरा सैल झाला.

कुंपणापलीकडे शेजारच्या मिसेस बेव्हन उभ्या होत्या. त्यांच्या जिभेला कोणी धार लावायची गरज नव्हती. आईच्या माश्या मुळात त्यांच्याच पोळ्यातून आलेल्या, त्यामुळे माश्यांवर आपला थोडा हक्क आहे असं त्या समजायच्या.

"बरं केलंस हॅना," त्या म्हणाल्या. "या खेपेला तरी आठवण ठेवलीस. पोरीच्या वेळी एक चिंधीसुद्धा दिसली नव्हती मला. मी म्हटलं, आता जातात माश्या. नशीब थोर तुझं."

आई पट्ट्या कापायची कात्री उचलून घरात गेली.

मी तिथंच उभी राहिले. पुऱ्या प्रांतात माझी आई अशा गोष्टींना सगळ्यात पक्की. हॉथॉर्नचं फूल घरात मरण आणतं म्हणून ते उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. वीस वर्षं तोंड न पाहिलेली ब्रेकनची आजी गेल्याचं पत्र आलं, तेव्हा गुडघाभर बर्फातून जाऊन तिनं माश्यांना सांगितलं होतं. ती पोटच्या मुलीला विसरली? मग तिचंच एक बोलणं मला आठवलं. लहानपणी मी खेळता खेळता पोळ्यावर ठोकून आमचं मांजर मेलं असं खोटंच सांगितलं होतं. आईनं माझ्या थोबाडीत मारली होती. माश्यांना खोटं मरण सांगितलं की ते खरं होतं, म्हणाली होती.

बाबांना पुरून आलो, पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी ती कपडे धुवायच्या खोलीत इस्त्री करत होती. मी दार लावून घेतलं.

"आई, केझिया गेली तेव्हा माश्यांना का सांगितलं नव्हतंस?"

तिची इस्त्री थांबली नाही. "नोव्हेंबर होता. थंडीत उठवू नये त्यांना."

"आजी जानेवारीत गेली होती."

"नसेल राहिलं डोक्यात. तेव्हा माझं काय चाललं होतं, तुला काय कळतंय."

"तू असलं विसरत नाहीस."

मग करपल्याचा वास आला. इस्त्रीखाली लेडी लँगस्टनच्या उशीचा अभ्रा होता. तिच्या हातून काही जळलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं इस्त्री उचलली, डागाकडे बघितलं आणि डागालाच सांगावं तसं म्हणाली, "सांगितलं असतं तर मेली असती ना पोरगी."

मी ओल्या कपड्यांच्या टोपलीवर बसले.

मग तिनं सगळं सांगितलं, घड्या घालत घालत, माझ्याकडे न बघता. केझियाला दिवस गेले होते, मिस्टर ह्यूंचे. मिसेस टिडमार्शच्या ते लक्षात आलं आणि तिनं बाईसाहेबांच्या, लेडी लँगस्टनच्या कानावर घातलं. बाईसाहेब चांगल्या वागल्या, असं आई म्हणाली. हाकलून दिलं नाही. ब्रिस्टलमध्ये मिसेस टिडमार्शची बहीण होती, तिच्याकडे केझियाची सोय करायची, आणि बदल्यात प्रॉबर्टांनी कधी तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं तर अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासकट घर खाली करायचं. आता मुलगी गेली कुठं, हे गावाला काय सांगायचं एवढाच प्रश्न होता. ननची युक्ती केझियाचीच. पहाटे निघताना टोपी बोरूत तिनंच अडकवली. जाता जाता हसत होती, असं आई म्हणाली.

शाप त्या म्हातारीनं दिला असेल नसेल. त्या घरचा थोरला नातू ब्रिस्टलला कोणाच्या तरी घरात वाढत होता, आणि ते त्याच्याच आजीनं ठरवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"चौदाची होतीस. तुझ्या तोंडाला झाकण होतं कुठे?"

"आता चोवीसची आहे."

"हो." तिनं अभ्र्याची घडी परत उलगडली. "पण तू फुलं न्यायला लागलीस. कोणी कुजबुजलं ना, की प्रॉबर्टांची थोरली बुडाली नाही, पळाली, तर दुसरं कोणीतरी म्हणायचं, अगं त्या धाकटीकडे बघ, असं नाटक करता येतं का कुणाला? तुझ्यामुळे लोकांना पटलं. बाईसाहेब मला म्हणाल्या होत्या तसं."

मला नर्गिसाची जुडी आठवली. दहा वर्षं मी तळ्यावर बसत होते, आणि मोठ्या घराच्या खिडकीतून आणि या खोलीतून मला बघणाऱ्या बायकांना माहीत होतं की पाण्यात कोणी नाही. माझं रडणं त्यांच्या कामी येत होतं, म्हणून त्यांनी ते चालू दिलं.

आईकडे पत्ता होता. दर नाताळला एक कार्ड यायचं, मिसेस के. स्टेसी या नावाचं. मला सांगितलं होतं की ती आईची लहानपणची मैत्रीण आहे.

एप्रिलमध्ये एका दिवसाची सुट्टी मागून मी ब्रिस्टलला गेले. त्याआधी मी कधी हेरफर्डच्या पुढे गेले नव्हते. आगगाडी नदीखालच्या बोगद्यात शिरली तेव्हा मांडीवरची जॅमची बरणी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. घरच्या रानआलुबुखाराचा जॅम, केझियाला तो फार आवडायचा. वाटेत माझा राग उतरत गेला. मला वाटायला लागलं, तिनंही दहा वर्षं माझीच वाट पाहिली असेल. आईनं धाकात ठेवलं, बाईसाहेबांनी तोंड बंद केलं, पण केझिया माझी आहे. ती दार उघडेल, नाकातून हसेल आणि म्हणेल, किती उशीर केलास.

एकसारख्या विटांच्या घरांची गल्ली होती. दार तिनंच उघडलं. अंगानं भरलेली, हात कोपरापर्यंत पिठाचे. तिनं मला ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. आणि मग तिनं आधी गल्लीत डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग बाहीला धरून मला आत ओढलं.

"आई गेली?" हा तिचा पहिला शब्द.

"बाबा गेले. मार्चमध्ये."

ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि रडली. मनगटानं डोळे पुसत होती, त्यामुळे गालांना पीठ लागत होतं. मी उभीच होते. मग तिनं किटली ठेवली, चहा केला, हे कसं कळलं ते विचारलं. मी माश्यांचं सांगितलं. तेव्हा ती हसली, अगदी तशीच, नाकातून. "बाई गं," म्हणाली, "आपल्या म्हातारीनं सगळ्या गावाला फसवलं आणि माश्यांपुढे घाबरली."

तिचा नवरा सिगारेटच्या कारखान्यात होता. भला माणूस, प्यायचा नाही. ती विधवा आहे आणि तिला मागंपुढं कोणी नाही, एवढंच त्याला माहीत होतं. "सासू नाही, मेव्हणी नाही, म्हणून तर स्वारी खूश झाली," ती म्हणाली आणि मग मी कोण ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं मला साखर हवी का ते विचारलं. तीन मुलं. भिंतीवर थोरल्याचा शाळेतला फोटो होता. मिस्टर ह्यूंचेच ते बाहेर आलेले कान.

भूत भेटलं तर त्याला काय काय सांगायचं ते मी दहा वर्षं साठवून ठेवलं होतं. समोर चहा पिणाऱ्या बाईला त्यातलं काहीच सांगता येईना.

"मी तळ्यावर जायचे," मी म्हणाले. "दर अर्ध्या सुट्टीला. फुलं घेऊन."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आई लिहायची पत्रात." ती कपात बघत होती. "पहिल्या वर्षी मी तिला लिहिलं होतं, डॉर्कसला तरी सांग म्हणून. ती म्हणाली, नको, तिच्यामुळेच सगळं नीट चाललंय. मग मी पण म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, चाललंय तर चालू दे."

एवढ्यात मागचं दार वाजलं आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी आत आली, गुडघे मातीनं भरलेले. माझ्याकडे टक लावून बघत तिनं विचारलं, "आई, या कोण?"

केझिया क्षणभरही अडखळली नाही. "जॅम विकायला आल्यात बाई," म्हणाली. टेबलावरची बरणी तिनं स्वतःकडे ओढली, एप्रनच्या खिशातून एक शिलिंग काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

मी तो घेतला. तिचं खोटं पाडायला एक शब्द पुरला असता, पण मोठ्या घरच्या नोकरीत मला एवढंच शिकवलं होतं की बाईनं हातावर काही ठेवलं की हात मिटायचा आणि जायला निघायचं. वर थँक यू मॅडमसुद्धा म्हणाले. मुलगी जॅममध्ये बोट घालायला बघत होती.

दारापर्यंत केझिया आली. दार अर्धवट उघडं धरून हळूच म्हणाली, "परत येऊ नकोस, डॉर्कस. मेलेली आहे, तीच बरी आहे मी." तिचे डोळे भरले होते. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या खांद्यावरून ती गल्लीकडे बघत होती.

त्या रविवारी मी तळ्यावर गेले नाही, त्यानंतरच्याही नाही. तिसऱ्या वेळेला मिसेस बेव्हननी मला गावच्या पाण्याच्या पंपावर गाठलं.

"का गं, तळ्याकडे फिरकत नाहीस हल्ली? बाप गेला तशी बहीणही विसरलीस?"

"केझिया दिसली मला," मी म्हणाले.

त्यांची बादली भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "काय म्हणाली?"

"परत येऊ नकोस म्हणाली."

संध्याकाळपर्यंत ते मोठ्या घरात पोचलं. मिसेस टिडमार्शनं मला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि मी काय पाहिलं ते पुन्हा सांगायला लावलं. मी तेच शब्द सांगितले. तिला कळलं, आणि तिला कळलेलं मला कळलं. "ठीक आहे," म्हणाली. "जा, कामाला लाग." त्यानंतर नव्या मुलींना गोष्ट सांगताना ती शेवटी माझ्याकडे बोट दाखवायला लागली. हिच्या बहिणीचा चेहरा हिला पाण्यात दिसला, विचारा हवं तर. मुली विचारायच्या. मी हो म्हणायची.

त्याच साली मी मोठ्या घरची नोकरी सोडली आणि आईबरोबर कपडे धुवायला लागले. काम लँगस्टनांचंच होतं, म्हणून घर राहिलं. आम्ही दोघी आणखी नऊ वर्षं एका छपराखाली राहिलो. भांडलो नाही. खळ, साबण, पाऊस येईल का, असलं बोलायचो. एकदाच, मी ब्रिस्टलहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनं विचारलं होतं, "कशी आहे?"

"जाड झालीये," मी म्हणाले.

१९४६ च्या फेब्रुवारीत आई गेली. पत्ता माझ्याकडे होता, कागद होता, पोस्ट गल्लीच्या तोंडाशी होतं. मी केझियाला कळवलं नाही. कळवायचं नाही असं ठरवलं होतं असं नाही. रोज उद्यावर टाकत गेले आणि मग ते टाकलेलंच राहिलं.

त्या नाताळला आईच्या नावानं कार्ड आलं. थोरला मुलगा सैन्यातून सुखरूप परत आला, असं त्यात लिहिलं होतं, आणि पायाचं दुखणं कसं आहे असं आईला विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आलं. पत्र का पाठवत नाहीस, रागावलीस का, काही चुकलं का माझं, तेवढं तरी लिही. अक्षर वाकडं झालं होतं, घाईत लिहिल्यासारखं. मी ते दोनदा वाचलं आणि खणात ठेवून दिलं.

त्यानंतर कार्ड आलं नाही.